सुटकेचा जिना आणि सवलतीचा अर्ज

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने बृहत् बंगळुरू क्षेत्रातील लहान निवासी इमारतींना भोगवटा प्रमाणपत्राच्या अटीतून सूट दिली. १२०० चौरस फुटांपर्यंतचा भूखंड आणि त्यावर तळमजला अधिक दोन मजले, अथवा खाली वाहनतळ व वर तीन मजले, अशा घरांना ही सवलत लागू आहे. या निर्णयामागे सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर २०२४ चा निकाल होता. उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात न्यायालयाने अनधिकृत बांधकामे केवळ जुनी झाली किंवा त्यांत पैसा गुंतला म्हणून नियमित करता येणार नाहीत, असे बजावले. बांधकाम पूर्णत्वाचे अथवा भोगवट्याचे प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज वीज, पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी देऊ नये, असेही सांगितले. बंगळुरूत त्यानंतर हजारो घरमालकांचे वीजजोडणीचे अर्ज अडकले. त्यातून सुटण्यासाठी सरकारने अपवादाचा मार्ग निवडला.

घर बांधून तयार आहे आणि मीटर मिळत नाही, ही सामान्य माणसाची अडचण खरी आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. तथापि भोगवटा प्रमाणपत्र हा केवळ कागद नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागेल. मंजूर नकाशात काढलेला जिना प्रत्यक्षात तेवढ्याच रुंदीचा बांधला आहे किंवा नाही, इमारतीभोवतीचे सामासिक अंतर सोडले आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी शासनाचा माणूस इमारतीत पाऊल ठेवतो तो बहुधा याच एका प्रसंगी. तो प्रसंगच रद्द झाला की जिन्याची रुंदी ही मालकाच्या इच्छेची बाब उरते.

या प्रश्नाचे स्वरूप मारतहळ्ळीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

विमानतळाच्या सावलीतील गाव

जुन्या विमानतळाचा रस्ता जेथे बाह्य वळण रस्त्याला मिळतो, तेथे मारतहळ्ळी वसलेली आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने तयार केलेल्या ‘मरुत’ या लढाऊ विमानावरून गावाला नाव पडले, अशी एक लोककथा सांगितली जाते. या विमानाचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. कथा खरी असो वा नसो, धावपट्टीच्या पूर्वेकडील हे गाव माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेत अल्पावधीत शहर बनले. शेतजमिनीचे तुकडे झाले, तीस फूट बाय चाळीस फुटांचे भूखंड पडले आणि त्या प्रत्येक तुकड्यावर इमारत उभी राहिली. व्हाइटफील्ड आणि वळण रस्त्यावरील कंपन्यांत नोकरीला लागलेल्या तरुणांना निवारा देणारी ‘पीजी’ वसतिगृहे याच इमारतींत आहेत. त्यांत पुणे, कोल्हापूर, सोलापूर, लातूर आणि बेळगावकडून आलेली मराठी मुलेमुलीही राहतात. बंगळुरू महानगरपालिकेचे विभाजन होऊन २ सप्टेंबर २०२५ पासून पाच महापालिका अस्तित्वात आल्या. मारतहळ्ळीचा परिसर त्यांपैकी पूर्व महापालिकेत मोडतो.

तीस बाय चाळीसच्या भूखंडाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. हे क्षेत्रफळ साधारण १११ चौरस मीटर भरते. त्यातील तीन चतुर्थांश भागावर बांधकाम झाले असे मानले, तर एका मजल्याचे क्षेत्र ८३ चौरस मीटरच्या आसपास येते. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी वापरासाठी दर माणशी १२.५ चौरस मीटर असा हिशेब धरलेला आहे. म्हणजे एका मजल्यावर सुमारे सात माणसे. कुटुंबाच्या घरासाठी हा अंदाज योग्यच आहे. मात्र त्याच मजल्यावर चार खोल्या आणि प्रत्येक खोलीत तीन खाटा टाकल्या की माणसे बारा होतात. असे सहा मजले चढविले की बहात्तर. नकाशा मंजूर होताना जो जिना एका कुटुंबासाठी किंवा फार तर तीन-चार कुटुंबांसाठी आखला गेला, तोच जिना आता बहात्तर जणांना पहाटे तीन वाजता खाली आणणार, अशी अपेक्षा असते. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि गॅसची सिलिंडरे असतील, तर तो जिना त्यांच्याच शेजारून उतरतो.

संहिता काय सांगते

राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा चौथा भाग अग्नी आणि जीवितसुरक्षेविषयी आहे. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीस किमान दोन जिने असावेत आणि त्यांपैकी निदान एक बाहेरच्या भिंतीला लागून, थेट मोकळ्या जागेत उघडणारा असावा, असे २००५ च्या आवृत्तीने सांगितले. लिफ्ट हा सुटकेचा मार्ग मानला जात नाही. सुटकेच्या वाटेवरील दार आतल्या बाजूने किल्लीवाचून उघडता आले पाहिजे. घराच्या दारापासून जिन्यापर्यंतचे अंतरही ठरवून दिलेले आहे. अग्निरोधक बांधकामाच्या निवासी इमारतीत ते ३० मीटरपेक्षा अधिक असू नये.

या तरतुदींमागील कारण साधे आहे. इमारतीला लागलेल्या आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतात. उघडा जिना हा अशा वेळी धुराड्याचे काम करतो. तळमजल्यावर पेटलेल्या वस्तूंचा धूर काही मिनिटांत वरच्या मजल्यावर पोहोचतो आणि खाली उतरू पाहणारा माणूस त्याच धुरात शिरतो. मुंबईतील गोरेगाव येथे ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील एका इमारतीत असेच घडले. तळाशी ठेवलेले कापड आणि वाहने पेटली, वरच्या मजल्यांवर धूर कोंडला आणि किमान सात जणांचा बळी गेला. एक जिना धुराने भरला तरी दुसरा मोकळा राहावा, हा दोन जिन्यांच्या नियमाचा एकमेव हेतू आहे. दोन्ही जिने एकमेकांना चिकटून बांधले, तर नियम पाळला जातो आणि हेतू फसतो. अशा इमारतीही आपल्याकडे कमी नाहीत.

संहितेची एक मोठी मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ती स्वतःहून कोणावरही बंधनकारक नाही. अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टानुसार नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविता येणारा विषय आहे. राज्याने किंवा महापालिकेने संहितेतील तरतुदी आपल्या नियमावलीत घेतल्या तरच त्यांना धार येते, आणि त्या घेताना कोठे किती धार ठेवायची हेही स्थानिक यंत्रणाच ठरविते. कर्नाटकात उंच इमारतीची व्याख्या पूर्वी १५ मीटरपासून सुरू होत असे. अलीकडच्या वर्षांत ती मर्यादा २१ मीटरवर नेण्यात आली. मारतहळ्ळीतील बहुसंख्य वसतिगृहे या रेषेच्या खाली आहेत. अग्निशमन दलाच्या ना-हरकत प्रमाणपत्राची गरज त्यांना पडत नाही. एका अर्थाने त्यांना सवलत मागावीच लागत नाही. रेषाच त्यांच्या डोक्यावरून गेली आहे.

अपवाद कसा मागितला जातो

सुटकेच्या मार्गाबाबतचे अपवाद तीन वेळी घडतात. काही बांधकामापूर्वी मागितले जातात, काही बांधकामानंतर, आणि काही कधीच मागितले जात नाहीत, ते परस्पर घेतले जातात.

पहिल्या प्रकाराला जगभर मान्यता आहे, आणि ती असावीही. प्रत्येक भूखंड सारखा नसतो. जुन्या वस्तीत, वाकड्या तुकड्यावर, नियमातील प्रत्येक माप बसेलच असे नाही. भारतीय संहितेतही पर्यायी रचनेला वाव आहे. संपूर्ण इमारतीत पाण्याचे स्वयंचलित फवारे बसविले, तर जिन्यापर्यंतचे अनुज्ञेय अंतर निम्म्याने वाढविता येते. येथे एक बाब उल्लेखनीय आहे. या सवलतीच्या बदल्यात जे घेतले जाते ते पैशाच्या रूपात नसून सुरक्षेच्याच रूपात असते. माणसाला दहा मीटर अधिक चालावे लागणार असेल, तर त्या वेळात आग दाबून ठेवणारी व्यवस्था मालकाने करावी, असा हा सौदा आहे.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६४ (ब) हा नियम या दृष्टीने वाचनीय आहे. स्पष्ट दाखविता येईल अशी अडचण असेल, तर महापालिका आयुक्त कारणे लेखी नोंदवून नियमावलीतील मापांत बदल मान्य करू शकतात, असे तो सांगतो. त्यालाच एक अट जोडलेली आहे. या शिथिलतेमुळे रहिवाशांचे व शेजाऱ्यांचे आरोग्य, सुरक्षा, अग्निसुरक्षा आणि इमारतीची संरचनात्मक सुरक्षा यांना बाध येता कामा नये. म्हणजे अपवादाचे दार उघडतानाच नियमकर्त्यांनी आगीपासूनची सुरक्षा दाराबाहेर ठेवली. अक्षरशः अर्थ लावला तर सुटकेचा मार्ग अरुंद करणारी कोणतीही सवलत या नियमाखाली देता येऊ नये.

व्यवहारात मात्र मुंबईने मोकळ्या जागेतील कमतरता अधिमूल्य भरून माफ करण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालविली. इमारतीभोवतीची मोकळी जागा ही हवा-उजेडासाठी असते, असा त्यामागील समज. प्रत्यक्षात अग्निशमन दलाची शिडी तेथेच उभी राहते, आणि जिन्यातून खाली आलेला माणूस प्रथम तेथेच पाऊल टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात अग्निशमन गाडीला वावरण्यापुरती, किमान ६ मीटर रुंद मोकळी जागा ठेवण्याचा आग्रह धरला तो याच कारणासाठी.

आठ आसनांची पेटी

अपवादाच्या अर्जाचा सर्वांत सविस्तर सरकारी इतिहास सदनिकांच्या इमारतीचा नसून एका चित्रपटगृहाचा आहे. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ प्रेक्षक मरण पावले. या दुर्घटनेची आठवण आजही काढली जाते. तथापि बाल्कनीतील माणसे का अडकली, याची कथा त्यापूर्वी एकवीस वर्षे सुरू झाली होती, हे फारसे सांगितले जात नाही.

१९७६ मध्ये दिल्ली प्रशासनाने एका अधिसूचनेद्वारे चित्रपटगृहांना आसने वाढविण्यासाठी नियमांत शिथिलता दिली. उपहारच्या बाल्कनीत ४३ आसने वाढली आणि उजव्या बाजूची मार्गिका बंद झाली. १९७८ मध्ये मालकांच्या अर्जावरून आठ आसनांची एक खास पेटी बसविण्यास मान्यता मिळाली. ही पेटी उजव्या बाजूच्या बाहेर जाण्याच्या दारासमोर आली आणि ते दार निरुपयोगी झाले. १९७९ मध्ये शिथिलतेची अधिसूचना मागे घेण्यात आली. चित्रपटगृहांचे मालक न्यायालयात गेले. त्यानंतर अधिकाऱ्यांनी पाहणी करून ४३ पैकी केवळ ६ आसने काढावयास लावली. ३७ कायम राहिली. १९८० मध्ये आणखी १५ आसनांना परवानगी मिळाली. प्रत्येक टप्प्यावर अर्ज होता, पाहणी होती, शिक्का होता. प्रत्येक टप्प्यावरील बदल स्वतंत्रपणे पाहिला तर किरकोळ होता.

आग लागली तेव्हा तळमजल्यावरील रोहित्राचा धूर जिन्यावाटे बाल्कनीत शिरला. उजवीकडे दार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये या प्रकरणी निकाल देताना मालकांचा एक युक्तिवाद अमान्य केला. आसनांना अधिकाऱ्यांची परवानगी होती, हा तो युक्तिवाद. प्रशासनाने मान्यता दिली म्हणून प्रेक्षकांच्या जीविताची काळजी घेण्याचे मालकाचे दायित्व संपत नाही, असा न्यायालयाच्या प्रतिपादनाचा आशय होता. सवलतीचा अर्ज करणाऱ्या प्रत्येक विकासकाने आणि गृहसंस्थेच्या कार्यकारिणीने हा निकाल मुळातून वाचावयास हवा. मंजुरीचा कागद हातात असणे आणि जबाबदारीतून मुक्त होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दंड भरून सरळ झालेले

दुसऱ्या प्रकारच्या अपवादाला कर्नाटकात ‘अक्रम-सक्रम’ असे नाव आहे. बेकायदा ते कायदेशीर, असा त्याचा अर्थ. नगररचना कायद्यात २००७ मध्ये त्यासाठी तरतूद करण्यात आली. २०१४ च्या नियमांनुसार १९ ऑक्टोबर २०१३ पूर्वीच्या बांधकामांना ती लागू होणार होती. निवासी इमारतींतील सामासिक अंतराचे आणि चटई क्षेत्राचे ५० टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन, तर व्यापारी इमारतींतील २५ टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन शुल्क घेऊन नियमित करावयाचे, अशी ही योजना होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ती वैध ठरविली. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

योजनेच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. लाखो लोक अशा घरांत राहतात, ती सगळी पाडणे अशक्य आहे, आणि घर विकत घेणाऱ्याने बहुधा फसवणुकीनेच ते घेतलेले असते. परंतु शुल्काचा दर ठरविताना उल्लंघनाचे चौरस मीटर मोजले जातात. हे चौरस मीटर कोठले, हा प्रश्न गौण ठरतो. गच्चीवर वाढविलेली एक खोली आणि इमारतीच्या कडेने गिळलेली वाट यांना एकच परिमाण लागते. पहिलीने शेजाऱ्याचा उजेड जातो. दुसरीने शिडी लावण्याची जागा जाते. बदल्यात घेतलेला पैसा सरकारी तिजोरीत जातो. त्यातून त्या इमारतीत एकही फवारा अथवा बाहेरचा लोखंडी जिना बसत नाही. सौदा येथे बिघडतो.

याच जुन्या विमानतळ रस्त्यावर, मारतहळ्ळीपासून काही किलोमीटर पश्चिमेला, कार्लटन टॉवर्स ही सात मजली व्यापारी इमारत आहे. २३ फेब्रुवारी २०१० रोजी दुपारी तेथे आग लागली आणि विजेच्या तारांच्या उभ्या पोकळीतून धूर वरच्या मजल्यांवर पसरला. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या अथवा कुलूपबंद असल्याचे नंतर समोर आले. गुदमरलेल्या लोकांनी काचा फोडल्या, काहींनी उड्या घेतल्या. नऊ जण दगावले. त्यांत मुलगा गमावलेले उदय विजयन यांनी पुढे ‘बियाँड कार्लटन’ ही संस्था काढून अग्निसुरक्षेचा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला. कर्नाटक सरकारने २०११ मध्ये उंच इमारतींच्या अग्निसुरक्षेविषयी अधिसूचना काढली खरी. तिच्या अंमलबजावणीसाठी मात्र पुढे अनेक वर्षे उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

कार्लटननंतर बरोबर एका महिन्याने, २३ मार्च २०१० रोजी, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट पेटले. तेथे ४३ मृत्यू झाले. वरचे दोन मजले बेकायदा असल्याचे अग्निशमन अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. वर धावलेल्या लोकांना गच्चीच्या दाराला कुलूप आढळले. अनेक मृतदेह त्या जिन्यातच सापडले.

न मागितलेल्या सवलती

गच्चीचे कुलूप हा तिसऱ्या प्रकारचा अपवाद. त्यासाठी कोणी अर्ज करीत नाही. चोरी होऊ नये, मुले वर जाऊ नयेत, भाडेकरूंनी तेथे मेजवान्या करू नयेत, अशी कारणे असतात आणि ती सगळी समंजस वाटतात. जिन्याच्या वळणावर चपलांचे कपाट, मार्गिकेत सायकल, अग्निरोधक दाराला अडकविलेला दगड, आश्रयासाठी राखलेल्या मजल्यावर जुने फर्निचर, हे चित्र बंगळुरूपासून ठाण्यापर्यंत सारखेच आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ही व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादारांवर टाकली असून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक यंत्रणेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. किती गृहसंस्थांच्या वार्षिक सभेत त्यावर पाच मिनिटे तरी चर्चा होते, हे सभासदांना ठाऊक आहे.

त्याहून कठीण प्रश्न लोखंडी जाळ्यांचा. बंगळुरूच्या दक्षिणेकडील देवरचिक्कनहळ्ळी येथे सप्टेंबर २०२१ मध्ये एका सदनिकेला आग लागली. त्यात दोन महिला मरण पावल्या. बाल्कनीत पोहोचूनही जाळीमुळे त्यांना बाहेर पडता आले नाही, आणि खाली जमलेल्यांना ते दृश्य नुसते पाहावे लागले. जाळी बसविताना त्या कुटुंबाने, देशातील लक्षावधी कुटुंबांप्रमाणे, मुलाबाळांच्या व घराच्या सुरक्षेचाच विचार केला असणार. जाळीला आतून उघडणारी एक झडप ठेवावी, असे अग्निशमन अधिकारी अनेकदा सुचवितात. खर्च किरकोळ आहे. परंतु जाळी बसविणाऱ्या कारागिराकडे ती मागणारे ग्राहक मोजकेच.

संमती कोणाची?

अपवादाच्या चर्चेत एक पक्ष नेहमी अनुपस्थित असतो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार मंजूर नकाशात अथवा सामाईक जागेत बदल करावयाचा झाल्यास विकासकाला दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती घ्यावी लागते. ही चांगली तरतूद आहे. मात्र याच कायद्याच्या व्याख्येनुसार भाड्याने राहणारा माणूस सदनिकाधारक ठरत नाही. गृहसंस्थेच्या सभेत त्याला मत नाही. वसतिगृहातील मुलाला तर सभा आहे हेही कळत नाही. मारतहळ्ळीसारख्या वस्तीत, जेथे रात्री झोपणाऱ्यांत भाडेकरूंचे प्रमाण मोठे आणि मालक अनेकदा दुसऱ्या पेठेत राहणारा, तेथे जोखीम पत्करण्याची संमती एकजण देतो व जोखीम दुसरा भोगतो.

कमी भाडे देऊन त्यानेच ती पत्करली, असे कोणी म्हणेल. या युक्तिवादात तथ्य असते, जर त्याला जोखीम माहीत असती. खोली दाखविताना वायफाय, तीन वेळचे जेवण आणि कपडे धुण्याचे यंत्र यांची माहिती दिली जाते. इमारतीला मंजुरी किती मजल्यांची आहे, हे कोणी सांगत नाही आणि बावीस वर्षांचा मुलगा ते विचारीतही नाही.

एका जिन्याचा वाद

येथे दुसरी बाजू मांडणे आवश्यक आहे. तीस बाय चाळीसच्या भूखंडावर दोन स्वतंत्र जिने बसविणे व्यवहार्य नाही, हे कोणताही वास्तुविशारद सांगेल. दोन जिन्यांनी मजल्याचा मोठा हिस्सा व्यापला तर घरे महागतील आणि ज्यांना परवडत नाही ते अधिक धोकादायक जागी राहतील. हा वाद केवळ भारतातला नाही. अमेरिकेतील सिएटल शहराने सहा मजल्यांपर्यंतच्या लहान इमारतींना, ठरावीक अटींवर, एका जिन्याची मुभा दिलेली आहे आणि घरांच्या टंचाईमुळे तेथील अन्य शहरे व राज्येही त्या दिशेने विचार करीत आहेत.

ब्रिटनचा प्रवास उलट दिशेचा आहे. लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवरला एकच जिना होता. १४ जून २०१७ च्या आगीत तेथे ७२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा करण्याचा निर्णय झाला. त्यासाठी ३० सप्टेंबर २०२६ ही तारीख ठरविण्यात आली.

वरवर पाहता ही दोन उदाहरणे परस्परविरोधी वाटतात. तशी ती नाहीत. सिएटलमधील एक जिना हा फवारे, मजल्यावरील घरांच्या संख्येवर मर्यादा, जिन्यापर्यंतचे कमी अंतर आणि धुरापासून संरक्षण या अटींसह येतो. तेथे एक जिना कमी करताना त्या जिन्यावर येणाऱ्या माणसांची संख्याही कमी केली जाते. मारतहळ्ळीत एक जिना आहे आणि माणसे वाढविली जातात. सिएटलचे उदाहरण देऊन बंगळुरूत सवलत मागणाऱ्याने त्या अटीही अर्जाला जोडाव्यात.

बंगळुरूच्या लहान इमारतींसाठी अशा अटी तयार करणे अवघड नाही. ऑक्टोबर २०२५ च्या सवलतीत मजल्यांची मर्यादा आहे आणि ती प्रामाणिकपणे पाळली गेली तर दोन-तीन मजल्यांच्या घरातील धोका मर्यादितच राहतो, हे मान्य करावे लागेल. अडचण पुढे आहे. मजल्यांची मर्यादा पाळली गेली किंवा नाही हे कोण पाहणार, आणि वापर कुटुंबाच्या घराचा राहिला की वसतिगृहाचा झाला हे कोण नोंदविणार? ऑगस्ट २०२४ मध्ये तत्कालीन महापालिकेने वसतिगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दर माणशी ७० चौरस फूट जागेची आणि अग्निसुरक्षेची अट होती. भोगवटा प्रमाणपत्राची सूट आणि वसतिगृहाचा परवाना हे दोन कागद एकाच टेबलावर, एकाच इमारतीच्या नावाने ठेवून पाहिले, तर निम्मे काम होईल. सूट कुटुंबाच्या घराला मिळालेली आहे. त्या पत्त्यावर वसतिगृहाचा परवाना मागितला जाताच सूट संपुष्टात यावी आणि पाहणी व्हावी, एवढी तरतूद पुरेशी ठरेल. अस्तित्वातील सहा मजली इमारतींना बाहेरून लोखंडी जिना, जिन्याच्या तोंडाशी धूर रोखणारे दार, सिलिंडरे इमारतीबाहेर आणि खाटांच्या संख्येवर कमाल मर्यादा, अशा अटींवर मुदतीची सवलत देता येईल. शुल्क घ्यावयाचेच असेल तर ते त्याच इमारतीत खर्च व्हावे.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री गोव्यातील हडफडे येथे एका नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला. अरुंद वाटेमुळे अग्निशमन गाड्यांना जवळ जाता आले नाही. पाहणी, नोटिसा आणि निलंबने यांचे सत्र त्यानंतर सुरू झाले. कार्लटननंतर बंगळुरूतही ते सुरू झाले होते.

तूर्त मारतहळ्ळीत खोली शोधणाऱ्या तरुणाला काही गोष्टी स्वतःच पाहून घ्याव्या लागतील. गच्चीच्या दाराला कुलूप आहे काय आणि असल्यास किल्ली कोठे असते? खोलीच्या खिडकीची जाळी आतून उघडते काय? जिना स्वयंपाकघराशेजारून उतरतो काय, आणि विजेचे मीटर त्याच जिन्याखाली आहेत काय? इमारतीस मंजुरी किती मजल्यांची आहे, हे मालकाला विचारता येते. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे मागता येते. त्यासाठीचे अर्ज शुल्क १० रुपये आहे.